फ्रीजसमोरचा पाट

वाचकाचं पत्र

"नमस्कार. आम्ही नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. वायरिंग लाकडी पट्टीतलं आहे आणि मीटरजवळ चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज आहेत. पावसाळा लागला की फ्रीजला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. म्हणून आम्ही फ्रीजसमोर एक पाट ठेवलाय. त्यावर उभं राहूनच दार उघडायचं, असा घरात नियम आहे. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, त्यांच्या हे कधी लक्षात राहतं, कधी नाही. गेल्या आठवड्यात गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. त्याने फ्रीजचं सॉकेट उघडून आत बोटभर वायरचा तुकडा जोडला आणि पाच मिनिटांत झिणझिण्या बंद झाल्या. 'अर्थिंग करून दिलंय,' म्हणाला. एका ओळखीच्यांनी ईएलसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, बसवा असं सुचवलं, तर वायरमन म्हणतो, अर्थिंगशिवाय ते चालतच नाही. माझा भाऊ न्यू जर्सीत जुन्या घरात राहतो, तो म्हणतो तिकडे बिनअर्थिंगच्या घरांत तसंच काहीतरी बसवतात. मालकांचं म्हणणं, वाडा दोन वर्षांत पडणारच आहे, आता खर्च कशाला? झिणझिण्या तर थांबल्यात. मग आता निर्धास्त राहायचं का?"
– एक गृहिणी, पुणे

उत्तर

ताई, निर्धास्त राहू नका. पुढचं वाचायच्या आधी उठा, मेन स्विच बंद करा आणि फ्रीजचा प्लग काढून ठेवा. दूध-दही दोन दिवस शेजारी ठेवता येईल. प्लग काढल्यावर मेन पुन्हा चालू करायला हरकत नाही. मग निवांत बसून वाचा, कारण तुमच्या पत्रात एक गोष्ट अशी आहे की जिच्यामुळे मला ते बाजूला ठेवता आलं नाही: तो बोटभर वायरचा तुकडा.

त्या तुकड्याला आमच्या वायरिंगच्या धंद्यात लूप म्हणतात. सॉकेटला तीन भोकं असतात. खालची दोन फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी) यांची, वरचं मोठं अर्थचं. तुमच्या घरात अर्थची वायर आलेलीच नाही, त्यामुळे वरचं भोक नुसतं नावाला होतं. वायरमनने काय केलं, तर ते भोक आतल्या आत न्यूट्रलला जोडून टाकलं. फ्रीजच्या पत्र्यावर साचणाऱ्या करंटला न्यूट्रलमधून परत जायची वाट मिळाली आणि झिणझिण्या थांबल्या. त्याला अर्थिंग म्हणत नाहीत. अर्थिंग म्हणजे जमिनीत गाडलेल्या पाइपपर्यंत किंवा पत्र्यापर्यंत जाणारी, मध्ये कुठेही न तुटणारी वायर. त्याने फ्रीजचा पत्रा तुमच्या घराच्या न्यूट्रलला बांधून ठेवला आहे. न्यूट्रल जोवर शाबूत आहे, तोवर काही कळणार नाही. तो तुटला की काय होईल, ते आता सांगतो.

तुम्ही लिहिलंत, मीटरजवळ दोन किटकॅट आहेत. जुन्या घरांत फेजला एक आणि न्यूट्रलला एक असे दोन फ्यूज बसवायची पद्धत होती. आता न्यूट्रलला फ्यूज लावत नाहीत, तिथे सलग लिंक असते. का, ते तुमच्याच घरात पाहा. समजा रात्री नऊ वाजता न्यूट्रलच्या किटकॅटमधली तार उडाली, किंवा चिमटा सैल असल्यामुळे तिथला संपर्क सुटला. घरातले सगळे दिवे जातील. तुम्हाला वाटेल, लाइट गेले. पण फेज गेलेलीच नाही, ती घरात तशीच उभी आहे. स्वयंपाकघरातल्या दिव्याचं बटण चालू राहिलंय. फेज त्या दिव्यातून पलीकडे न्यूट्रलच्या वायरमध्ये उतरते. पुढे तिला मीटरकडे जायला रस्ता नाही, कारण फ्यूज उडालाय. ती न्यूट्रलच्या वायरवर थांबते, तिथून तुमच्या सॉकेटमधल्या त्या तुकड्यातून वरच्या भोकात जाते आणि प्लगच्या मोठ्या पिनेतून थेट फ्रीजच्या दारावर येते. आता फ्रीजचा पत्रा म्हणजे २३० व्होल्टची उघडी तार. घरात अंधार आहे आणि लाइट गेलेत असं समजून कुणीतरी अनवाणी, ओल्या शहाबादी फरशीवरून पाण्याची बाटली काढायला फ्रीजकडे जातं.

लूपच्या भानगडीत माणसं दगावतात ती अशी. अशा वेळी टेस्टर लावून पाहिलं तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो. जुन्या वायरमनांना ही खूण पाठ असते. 'दोन्हीकडे फेज दाखवतंय' म्हणजे न्यूट्रल तुटलाय. फ्यूजचं सोडा, वाड्याबाहेरच्या खांबावर न्यूट्रलचा जोड सुटला तरी हेच होतं. आणि कधीकाळी मीटर बदलताना कुणी फेज आणि न्यूट्रल उलटे लावले असतील, तर काही तुटायचीही गरज नाही. लूप लावल्या क्षणापासून पत्रा फेजवर असतो.

तो वायरमन वाईट माणूस असेल असं मला वाटत नाही. त्याला झिणझिण्या घालवायला सांगितलं होतं, त्याने घालवल्या. हा तुकडा मी पुण्यातल्या पेठांत आणि मुंबईच्या चाळींत इतक्या सॉकेटांत पाहिलाय की एकाने दुसऱ्याला शिकवत तो पसरला असणार. पण त्याने केलेलं काम आज काढून टाकायला हवं, उद्यावर ढकलू नका. तुकडा काढल्यावर झिणझिण्या परत येतील, तुम्हाला वाटेल बिघडवून ठेवलं. तसं नाही. झिणझिण्या निदान सांगत होत्या की फ्रीजमधून करंट गळतोय. लूपने त्यांचं तोंड बंद केलं होतं.

आता झिणझिण्यांबद्दल. 'जुन्या फ्रीजला थोडं असतंच' असं सगळे म्हणतात आणि अर्धवट खरंही आहे. लॅपटॉप, टीव्ही, इन्व्हर्टरवाले नवे फ्रीज यांच्या आत विजेतला गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर असतात. ते थोडासा करंट पत्र्याकडे सोडतात, अर्थ असला तर तो गुपचूप जमिनीत जातो. अर्थ नसला तर पत्र्यावर शंभरेक व्होल्ट उभे राहतात, पण त्यामागे ताकद अगदी कमी असते. म्हणून मनगटाची मागची बाजू घासली की नुसती खरखर जाणवते. जुन्या फ्रीजमध्ये मात्र कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचं इन्शुलेशन उतरलेलं असू शकतं, नाहीतर दाराच्या बिजागरीपाशी वायर सोलवटून पत्र्याला लागत असते. सुरुवातीला तेही खरखरच वाटतं. हाताला दोन्ही सारखेच लागतात, फरक हाताने कळत नाही. टेस्टरनेही कळत नाही, कारण टेस्टरमधला निऑन एवढ्याशा करंटवरही पेटतो. तुमच्याकडे पावसाळ्यातच होतं असं लिहिलंत. ओल शिरली की गळती वाढते, हे इन्शुलेशन दमल्याचं लक्षण आहे. शिवाय उन्हाळ्यात फरशी कोरडी असते, त्यामुळे गळती असली तरी तुम्हाला लागत नसेल.

किती करंटला काय होतं, याचे आकडे सांगतो. साधारण १ मिलीअँपिअरला झिणझिणी जाणवते. १० च्या आसपास स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. आपण 'चिकटला' म्हणतो ते हेच. ३० च्या वर श्वास घ्यायला त्रास होऊ लागतो आणि ५० च्या पुढे हृदयाचे ठोके विस्कटण्याचा धोका असतो. हे किती थोडं आहे पाहा: ४० वॉटच्या साध्या बल्बमधून जवळजवळ १७५ मिलीअँपिअर जातात. म्हणजे देव्हाऱ्याजवळचा मिणमिणता बल्ब जेवढा करंट घेतो, त्याचा सहावा हिस्सासुद्धा माणसाला धोक्याच्या उंबरठ्यावर नेतो. आणि तुमचा किटकॅट, किंवा त्याजागी एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) असता तरी तो, यात काहीच करत नाही. ते वायर तापून जळू नये म्हणून असतात. माणूस चिकटला तरी त्यांना पत्ता लागत नाही.

म्हणून तुमच्या ओळखीच्यांनी सुचवलेलं बरोबर आहे. आणि वायरमन म्हणतो तेही एका काळी खरं होतं. पूर्वी ईएलसीबी नावाने जे यायचं, त्यातला एक प्रकार अर्थच्या वायरमध्येच बसवायचा असे. त्या वायरवर व्होल्ट चढले की तो पडायचा. अर्थ नसेल तर तो खरोखर मुका. तो प्रकार कधीच मागे पडला, पण 'अर्थिंगशिवाय ईएलसीबी चालत नाही' हे वाक्य मागे राहिलं. आज दुकानात मिळतो तो आरसीसीबी. दुकानदार अजूनही त्याला ईएलसीबीच म्हणतो, त्यामुळे घोटाळा वाढतो. आरसीसीबीच्या आत एक कडी असते, तिच्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. जेवढा करंट गेला तेवढाच परत आला पाहिजे. कमी आला तर उरलेला कुठेतरी दुसऱ्याच वाटेने, कदाचित कुणाच्या तरी अंगातून जमिनीत गेला. फरक ३० मिलीअँपिअरपर्यंत पोचायच्या आत तो पडतो. सणसणीत शॉक असेल तर सेकंदाच्या पंचविसाव्या भागात. वायरमनला पटत नसेल तर दुकानातून आणलेला आरसीसीबी त्याच्या हातात द्या आणि अर्थची वायर कुठे जोडायची ते दाखवायला सांगा. त्याला चारच स्क्रू असतात, दोन येणाऱ्या वायरींचे, दोन जाणाऱ्या. अर्थ जोडायला जागाच नाही.

तुमच्या भावाचंही खरं आहे. अमेरिकेतल्या जुन्या घरांत दोन चिरांचे बिनअर्थचे सॉकेट अजून सापडतात. तिथल्या नियमांप्रमाणे अशा ठिकाणी जीएफसीआय नावाचं, याच तत्त्वावर चालणारं सॉकेट बसवून तीन पिनांचा प्लग वापरायला परवानगी आहे. त्यांचं सॉकेट ५ मिलीअँपिअरच्या आसपासच पडतं, आपल्या घरातला आरसीसीबी ३० ला. मला त्या नियमातली एक अट फार आवडते: अशा सॉकेटवर 'इथे अर्थ नाही' अशी चिठ्ठी चिकटवावी लागते. पुढच्या माणसाची फसगत होऊ नये म्हणून. आपल्याकडे तीन भोकं दिसली की अर्थ असणारच, असं सगळे धरून चालतात.

एका घराची गोष्ट सांगतो. कसब्यातल्या एका वाड्यात वॉशिंग मशीनचा शॉक लागतो म्हणून गेलो होतो. घरमालकीणबाई ठामपणे म्हणाल्या, 'अर्थिंग आहे, हिरवी वायर माझ्यासमोर टाकलीय.' सॉकेट उघडलं तर खरंच नवीकोरी हिरवी वायर. तिच्या मागे मागे गेलो. पट्टीतून ती मोठ्या बोर्डापर्यंत आली, बोर्डामागे गेली आणि तिथे तिच्या टोकाला काळी टेप नीट गुंडाळून ती खिळ्याला अडकवून ठेवलेली होती. पुढे कुठेच नाही. टाकणाऱ्याने वाट पाहिली असेल, कधीतरी खालून अर्थ येईल म्हणून. बाईंनी त्या वायरीचे पैसे मोजले होते आणि चार वर्षं तिच्या भरवशावर ओल्या हातांनी कपडे काढत होत्या. बोर्ड उघडलाच होता म्हणून बाकीच्या वायरीही पाहिल्या. जुनी रबराची वायर दोन बोटांत हलकेच वाकवली, तर काळा भुगा तळहातावर पडला आणि आत तांबं उघडं झालं. लाकडी पट्टीतल्या वायरिंगचं हेच होतं, बाहेरून रंग दिलेली पट्टी छान दिसते आणि आत रबर वाळून गेलेलं असतं. तुमच्याकडेही हे असणार असं धरूनच मी पुढचं सांगतोय.

तर आता क्रम. परवाना असलेला वायरमन किंवा विद्युत ठेकेदार बोलवा, 'तुमचा परवाना बघू' असं म्हणायला संकोचू नका. मेन बंद करून त्याने पहिल्यांदा लूप काढायचा. फ्रीजच्या सॉकेटमधलाच नव्हे, घरातलं प्रत्येक तीन भोकांचं सॉकेट उघडून पाहायचं. एकदा हात बसला की असे तुकडे मिक्सरच्या, इस्त्रीच्या सॉकेटातही सापडतात. त्यानंतर मीटरनंतरच्या तुमच्या बोर्डावर, किटकॅट काढून, दोन पोलांचा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि त्याच्यासोबत एमसीबी. आरसीसीबी एकटा जास्त लोडला किंवा शॉर्टसर्किटला पडत नाही, म्हणून दोन्ही हवेत. दोन्ही कामं एकाच डब्यात करणारा आरसीबीओ मिळतो, तोही चालेल. बॉक्सवर ३० एमए लिहिलेलं स्वतः वाचून घ्या. १०० आणि ३०० चेही मिळतात, ते आगीपासून राखायला, माणसासाठी नाहीत. खर्च साधारण दोन-तीन हजारांच्या घरात जाईल. वाडा पडला तरी आरसीसीबी स्क्रू काढून नव्या घरी नेता येतो, त्यामुळे मालकांचं 'खर्च कशाला' याला लागू होत नाही. तो तुमचाच आहे.

बहुतेक जुन्या घरांत इथेच काम फसतं, म्हणून आधीच सांगून ठेवतो. आरसीसीबी बसवला की तो टिकणार नाही. वर केला की खाली पडेल. वायरमन म्हणेल, 'माल खराब आहे' किंवा 'जुन्या वायरिंगला हे चालत नाही' आणि बाजूने सरळ जोडून देईल. तसं करू देऊ नका. तो पडतोय म्हणजे काहीतरी पकडतोय. कधी ओलीमुळे वायरिंगच भिंतीत करंट सोडत असतं. कधी जिन्यातल्या दिव्याचा किंवा शेजारच्या खोलीचा न्यूट्रल तुमच्या न्यूट्रलला जोडलेला असतो. वाड्यांत एकाच घराच्या खोल्या वाटून दोन बिऱ्हाडं झाली की असे सामाइक न्यूट्रल राहून जातात. गेलेला करंट शेजारच्या वाटेने परत जातो, हिशोब जमत नाही आणि आरसीसीबी पडतो. एकेक लाइन सोडवून पाहिली की दोषी लाइन सापडते. वायरमनकडे मेगर, म्हणजे इन्शुलेशन मोजायचं यंत्र, असेल तर उत्तमच. दिवे आणि उपकरणं काढून ५०० व्होल्टच्या मेगरने फेज-न्यूट्रल एकत्र करून भिंतीच्या, जमिनीच्या बाजूने मोजायचं, निदान १ मेगओहम तरी यायला हवा. त्याच मेगरने फ्रीजही तपासून घ्या, म्हणजे झिणझिण्या कपॅसिटरच्या होत्या की वाइंडिंगच्या, याचा निकाल लागेल. आकडा वाईट आला तर तो फ्रीज दुरुस्तीवाल्याकडे जाईपर्यंत लावायचा नाही, आरसीसीबी असला तरी.

सगळं वायरिंग बदलायला मालक तयार होणार नाहीत आणि दोन वर्षांसाठी तुम्हीही कशाला करायचं. पण एक मधला मार्ग आहे. नव्या बोर्डापासून फ्रीज, वॉशिंग मशीन आणि गिझर या तिघांसाठी नव्या तांब्याच्या वायरी, प्लास्टिकच्या पट्टीतून, भिंतीवरूनच ओढून घ्या. प्रत्येकी तीन वायरी: फेज, न्यूट्रल आणि हिरवी. फ्रीजला दीड स्क्वेअर एमएमची चालेल, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच, गिझर मोठा असेल तर चार. जुनं लाकडी पट्टीतलं वायरिंग फक्त दिव्या-पंख्यांपुरतं ठेवा आणि तेही आरसीसीबीच्या मागे. जी लाइन मेगरला किंवा आरसीसीबीला पटत नाही, ती कायमची सोडवून टाका. धातूचं अंग आणि पाणी जिथे एकत्र येतात, तिथे तरी नवं असू द्या.

ती हिरवी वायर कुठे न्यायची, हा आता खरा प्रश्न. आधी मीटरबोर्डाशी चौकशी करा. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतल्या ३३ व्या नियमाने वीज पुरवणाऱ्यावर ग्राहकाच्या जागेत अर्थचं टर्मिनल देण्याची जबाबदारी टाकली होती आणि २०१० च्या केंद्रीय नियमांतही ती राहिली. कधीकधी जिन्याखालच्या मीटरबोर्डाला जाड जी. आय. (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) तार आलेली असते, पण वर कुणी ती नेलेलीच नसते. ती असेल आणि मोजून चांगली निघाली, तर तुमचं काम सोपं झालं. गंजून तुटलेलीही असू शकते, म्हणून मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

नसेल तर वाड्याला चौक आहे ना? फ्लॅटवाल्यांना नसतं ते सुख तुमच्याकडे आहे: उघडी माती. चौकात किंवा परसात, भिंतीच्या पायापासून निदान दीड मीटर दूर, अडीच मीटर लांबीचा जी. आय. पाइप उभा गाडायचा. पूर्वी भोवती कोळसा आणि मीठ थरांनी भरत, अजूनही भरतात. मिठाने पाइप लवकर खातो, म्हणून आता त्याऐवजी तयार मिळणारी अर्थिंग पावडर भरली तर बरी. वर झाकणाचा छोटा चौकोनी चेंबर, आणि एप्रिल-मेमध्ये आठवड्याला एक बादली पाणी. कोरडी माती करंट नीट घेत नाही, त्यामुळे पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग वैशाखात निकामी व्हायला वेळ लागत नाही. एक खड्डा सगळ्या वाड्याला पुरतो. पाच बिऱ्हाडांत खर्च वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला फार येणार नाही आणि मालकांसमोर एकटं जाण्यापेक्षा पाच जणांनी जाणं बरं. खड्ड्यापासून सॉकेटपर्यंत त्या वायरीत ना बटण, ना फ्यूज.

कुणीतरी म्हणेल, एवढं कशाला, नळाच्या पाइपला बांधा. अजिबात नको. पूर्वी लोखंडी नळ जमिनीत दूरवर सलग जायचे, आता मध्ये प्लास्टिकचे तुकडे आले. तुमच्या फ्रीजचा करंट त्या नळात शिरला तर जमिनीत जाण्याऐवजी खालच्या मजल्यावरच्या मोरीत, कुणाच्या तरी अंघोळीच्या वेळी नळावर उभा राहील. गॅसच्या पाइपला तर हातही लावू नका.

तुम्ही विचाराल, आरसीसीबी असेल तर खड्डा कशाला, आणि खड्डा असेल तर आरसीसीबी कशाला. हे मला इतर घरमालकांनीही विचारलंय, म्हणून हिशोब सांगतो. नुसता आरसीसीबी असेल तर दोष झाल्यावर तो पडतो कधी, तर कुणीतरी हात लावल्यावर. जीव वाचतो, पण झटका बसतोच आणि ७८ वर्षांच्या बाई त्या झटक्याने ओट्यावर आपटू शकतात. अर्थ असेल तर पत्र्याला फेज लागताक्षणी, कुणी जवळ नसताना तो पडतो. आता उलट बाजू. समजा खड्डा आहे, पण त्याचा रोध २० ओहम निघाला, जुन्या खड्ड्यांचा निघतो. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. १६ अँपिअरचा एमसीबी त्याला पडणारच नाही, आणि पत्रा फेजवर तसाच राहील. आरसीसीबी मात्र त्या करंटच्या शेकडो पटींनी कमी करंटलाही पडतो. म्हणून दोन्ही. आणि एक गोष्ट आरसीसीबीलाही कळत नाही, तीही सांगायला हवी: एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला, पाय कोरड्या लाकडावर असले, तर त्याचा हिशोब बरोबर जुळतो. सॉकेटमध्ये काही कोचण्याचा धोका तो पुरता घालवत नाही. घरात लहान मूल असेल तर भोकांवर आतून झडप असलेली सॉकेटं घ्या.

थोडं पिनांबद्दल. प्लगची मोठी पिन लांब असते ती मुद्दाम: लावताना अर्थ सगळ्यांत आधी जोडला जावा आणि काढताना शेवटी सुटावा. जुन्या दोन भोकांच्या सॉकेटात बसावा म्हणून ही पिन मोडलेले किंवा तीनाचे दोन करणाऱ्या अडॅप्टरवर चढवलेले प्लग घरोघरी असतात. तुमच्याकडे असे असतील तर इस्त्री, गिझर, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह यांचे आधी बदला. मोबाइलचा चार्जर, हेअर ड्रायर यांना दोनच पिना असतात ते ठीक आहे, त्यांचं इन्शुलेशन दुहेरी असतं. उपकरणावर चौकोनात चौकोन अशी खूण दिसली की त्याला अर्थ लागत नाही. पाणी तापवायचा रॉड मात्र वापरत असाल तर थांबवाच. बादलीत बोट बुडवून पाणी तापलं का पाहायची सवय मी कितीतरी घरांत पाहिली आहे. विदर्भात पाहुणे म्हणून गेलात तर लोखंडी कूलरलाही हेच लागू: पाणी भरताना प्लग काढलेला हवा, नुसतं बटण बंद पुरत नाही, कारण जुन्या घरात बटण न्यूट्रलवर असू शकतं.

आणि देव न करो, कुणी चिकटलंच, तर त्याला हाताने ओढायचं नाही. मेन पाडायचा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा पाटाने चिकटलेल्या माणसाला ढकलून सोडवायचं, मग १०८ ला फोन. श्वास नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला शंभरेकदा दाबत राहायचं. मेनचं बटण कुठे आहे हे सासूबाईंनाही दाखवून ठेवा.

आरसीसीबीवर 'टी' अक्षराचं बटण असतं. महिन्यातून एकदा, लाइट बिल भरता त्या दिवशी, ते दाबा. खटकन पडला पाहिजे. ती चाचणी अर्थ नसतानाही होते. पण ती फक्त आरसीसीबीची आहे, अर्थिंग ठीक आहे की नाही हे तिने कळत नाही, तेवढ्यासाठी वायरमनला वर्षातून एकदा मोजायला बोलवावं लागेल. नाहीच पडला तर तो बदलायचा, 'चालतंय तोवर चालू दे' नाही.

पाटाचं राहिलं. तो तूर्त तिथेच असू दे, पण फ्रीज बंद असताना. ओला पाट काही वाचवत नाही, हे घरात सगळ्यांना सांगा. काम झाल्यावर वायरमनला तुमच्यासमोर फ्रीजच्या पत्र्यापासून खड्ड्याच्या पाइपपर्यंत सलगता मोजून दाखवायला सांगा आणि मेगरचा आकडा कागदावर लिहून घ्या. तो आकडा मला कळवा, कमी असला तर जास्तच लवकर कळवा. पाट उचलायचा की नाही ते त्यावर ठरवू.